गाणं मुलासाठी थांबायला हवं

दोन ते सहा वर्षांच्या मुलांना घेऊन मी गाते. बसून नाही, आम्ही गोल करतो, उड्या मारतो, लोळतो, गिरक्या घेतो आणि त्या सगळ्यात गातो. त्यामुळे ओळखीतले आईबाबा, आजीआजोबा, नव्यानेच शिकवू लागलेल्या ताई हमखास विचारतात, की एवढ्या लहान मुलांनी मिळून म्हणावीत, नाचावीत अशी चांगली गाणी कुठली? त्यांना यादी हवी असते. गाणी मी देते, या लेखातही माझी चार गाणी आहेत. पण त्याआधी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. गाणं कुठलंही घ्या, ते मुलासाठी थांबायला हवं.

म्हणजे काय, ते सांगते. स्पीकरवर गाणं लावलं आणि त्यात ‘हात वर’ असं आलं, की अडीच वर्षांचं मूल आधी ते ऐकतं. मग इकडेतिकडे बघतं. शेजारच्याचे हात वर गेलेले दिसले, की आपले उचलायला लागतं. तोवर गाणं ‘हात खाली’ म्हणून पुढे गेलेलं असतं आणि हे मूल अर्ध्यावर हात धरून उभं राहतं. पुन्हा पुन्हा असं झालं की ते हात उचलणंच सोडून देतं आणि नुसतं बघत बसतं. मोठ्यांना वाटतं, याला नाचायची आवड दिसत नाही. आवड असते. गाणं त्याला मागे टाकून गेलेलं असतं. तेच गाणं तुम्ही तोंडाने म्हटलंत, तर ‘हाऽऽऽत’मधला ‘हा’ तुम्हाला हवा तेवढा लांबवता येतो. शेवटचे दोन हात वर यायला लागले, की मग म्हणायचं ‘वर!’ त्या क्षणी सगळ्यांचे हात वर असतात, आणि सगळ्यांत सावकाश चालणाऱ्या मुलालाही वाटतं, की मी बरोब्बर पकडलं.

म्हणून माझी पहिली विनंती: गाणं लावू नका, म्हणा. आवाज कसाही असू दे. मुलाला तुमच्या गळ्यातल्या हरकती नको असतात; गाणाऱ्याचं लक्ष आपल्याकडे आहे, एवढं त्याला हवं असतं.

हे केवळ माझं मत नाही. सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो या संशोधकांनी २००९ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या मुलांना त्यांनी ढोल वाजवायला दिला. कधी समोर माणूस बसून ढोल वाजवत होता, कधी यंत्र ढोल बडवत होतं, तर कधी नुसता स्पीकरमधून ठोका ऐकू येत होता. ठोका तोच. पण मुलांचा ताल माणसाबरोबर जास्त चांगला जुळला. अगदी अडीच वर्षांची मुलंसुद्धा, ज्यांना अजून नीट ठोक्यावर ठोका टाकता येत नाही, ती समोर माणूस असला की आपला वेग त्याच्या वेगाकडे वळवायचा प्रयत्न करत होती. हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला, कारण आमच्या गोलात हेच रोज दिसतं. मुलं तालाशी नाही, माणसाशी जुळवून घेतात. ताल त्यातून येतो.

आता पहिलं गाणं. याला आम्ही ‘मी मी’ म्हणतो.

चाललं कोण? मी मी मी!
उडलं कोण? मी मी मी!
गरगर फिरलं कोण कोण कोण?
मी मी मी मी मी मी मी!
पुतळा कोण? …

मोठ्या माणसाने प्रश्न गायचा, मुलांनी चालत, उड्या मारत, फिरत उत्तर द्यायचं. शेवटच्या प्रश्नाला उत्तर नाही. पुतळा बोलत नसतो! सगळ्यांनी जागच्या जागी गोठायचं. कुणी एका पायावर, कुणी तोंड उघडं ठेवून, कुणी हात पसरून. मी प्रत्येक पुतळ्याजवळून जाते, नीट न्याहाळते, ‘अरे वा, हा पुतळा कुणी केला असेल?’ असं म्हणते. हसू दाबून दाबून त्यांचे गाल फुगतात. मग मी परत ‘चाललं कोण?’ म्हटलं, की एकदम स्फोट होतो.

या गाण्यातली सगळी मजा त्या शेवटच्या शांततेत आहे. नवखी माणसं तिथे घाई करतात, कारण शांतता आली की त्यांना वाटतं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं काही नसतं. ती शांतता मुलांनी केलेली असते आणि तिचा त्यांना फार अभिमान वाटतो. चालण्यापेक्षा थांबणं अवघड काम आहे. तीन वर्षांच्या मुलाला ‘थांब’ कळतं लगेच, पण अंग लगेच थांबत नाही; दोन पावलं पुढे जाऊन ते थांबतं आणि स्वतःच्या पायांकडे बघतं. पाच वर्षांचं मूल ‘पुतळा’ शब्दाच्या ‘पु’लाच थांबतं, कारण ते गाणं आधीच पुढे जाऊन बघत असतं. म्हणून मोठ्या मुलांसाठी मी क्रम बदलते. कधी उडायच्या आधीच पुतळा येतो, कधी ‘पु’ म्हणून ‘पुढे गेलं कोण?’ असं विचारते. ती फसतात आणि खदखदून हसतात. लहानांच्या बाबतीत मात्र असं करू नये. त्यांना आपला अंदाज खरा ठरल्याचा आनंद हवा असतो, आणि तो पुरेसा मिळाल्यावरच फसण्यात मजा येते.

शंभरएक वर्षांपूर्वी एमिल जाक-दालक्रोझ नावाचा स्विस संगीतशिक्षक जिनिव्हात विद्यार्थ्यांना तालात चालायला, खूण मिळताच थांबायला, दिशा बदलायला लावत असे. त्याचे विद्यार्थी मोठे होते, वाद्यं वाजवणारे होते, तरी ताल त्यांच्या अंगात शिरावा म्हणून त्याने त्यांना आधी पायांवर उभं केलं. बोटांच्या आधी पाय, हा त्याचा क्रम मला पूर्णपणे पटतो. आमच्याकडे बसून टाळ्या वाजवायला लावलेल्या मुलांचा ठेका बरेचदा सुटतो आणि तीच मुलं चालायला लागली की जुळतो.

वेगाबद्दल. आपण मोठी माणसं गाणी मुलांच्या मानाने संथ म्हणतो. चार-पाच वर्षांच्या मुलाला ‘तुला हवं तसं वाजव’ म्हटलं, तर ते मिनिटाला साधारण दीडशेच्या घरात ठोके देतं. मोठी माणसं शंभर ते एकशेवीसच्या आसपास रेंगाळतात. मुलांचे पाय आखूड, त्यामुळे पावलंही भरभर पडतात. चालायच्या गाण्यात आधी मुलांना नुसतं चालू द्या, त्यांच्या पावलांचा वेग ऐका आणि त्या वेगात गाणं सुरू करा. दोन-चार वेळा म्हणून झालं, सगळे एकत्र आले, की मग हळूहळू वेग कमी-जास्त करा. पहिल्यांदा गाण्याने मुलाकडे जायचं, मग मूल गाण्याकडे येतं.

सुराचंही तसंच. मोठ्यांना सोयीचा सूर बहुतेक वेळा मुलांना फार खाली असतो, मग मुलं बिचारी गाण्याऐवजी नुसती बोलायला लागतात आणि आपण म्हणतो याला सूर नाही. पेटीवर मधल्या सप्तकातली पांढरी दोन (पाश्चात्त्य ‘डी’) हा षड्ज म्हणजे ‘सा’ धरा आणि पंचमापर्यंतच्या, म्हणजे ‘प’पर्यंतच्या जागेत गाणं बसवा. तीन ते पाच वर्षांच्या बहुतेक मुलांचा गळा तेवढ्यात सुखाने फिरतो. धैवताला (‘ध’) चुटपुटता स्पर्श चालेल. तार षड्जाला, म्हणजे वरच्या ‘सा’ला जाऊ नका. तिथे गाणं संपून ओरडणं सुरू होतं. बाबा किंवा आजोबा गात असतील, तर त्यांचा आवाज सप्तकभर खाली असतो आणि काही मुलांना त्यावरून आपला सूर शोधायला थोडा वेळ लागतो. तो वेळ द्यावा. त्यासाठी बाबांनी गाणं सोडू नये, ही माझी कळकळीची विनंती. सुरात आधीपासून असलेल्या एखाद्या मोठ्या मुलाला शेजारी उभं केलं, की लहान मूल त्याच्याकडून सूर उचलतं.

चाल स्वतःच बांधायची असेल, तर भूप रागाचे पाच सूर घ्या: सा रे ग प ध. मध्यम (म) आणि निषाद (नी) नाहीत, त्यामुळे कुठेही अर्धस्वराचा अडथळा येत नाही. हंगेरीचा झोल्तान कोडाय आणि जर्मनीचा कार्ल ऑर्फ, मुलांच्या संगीतशिक्षणात ज्यांचं नाव सगळीकडे घेतलं जातं, त्या दोघांनीही लहान मुलांसाठी सुरुवातीला पाच सुरांच्या चौकटीवरच भर दिला. ऑर्फच्या पद्धतीत मुलांच्या वाद्यांच्या पट्ट्या काढता-घालता येतात. नको त्या सुरांच्या पट्ट्या काढून ठेवल्या, की मुलाने कुठलीही पट्टी वाजवली तरी बाकीच्यांशी भांडण होत नाही. किती शहाणपणाची सोय! मूल चुकेल याची वाट बघण्यापेक्षा चुकायला जागाच ठेवायची नाही.

दुसरं गाणं मुंगी आणि हत्तीचं. आमच्याकडे सगळ्यांत जास्त मागणी याला.

मुंगी निघाली टिक टिक टिक,
हत्ती निघाला धम् धम् धम्,
मधेच दोघं भेटली,
टकमक बघत बसली…
आणि पळाली धूम्!

अर्धी मुलं मुंग्या, अर्धी हत्ती. पहिली ओळ कुजबुजत, चवड्यांवर. दुसरी ओळ पोटातून, पाय आपटत. दोन्ही रांगा समोरासमोरून येतात, भेटतात आणि एकमेकांच्या डोळ्यांत बघत बसतात. इथे पुन्हा थांबायचं. किती वेळ, ते दर वेळी वेगळं. मी ‘आऽऽऽणि’ इतका लांबवते की काही मुलं उभ्या उभ्या थरथरायला लागतात. ‘पळाली’ म्हटलं की दोघांनी आपापल्या भिंतीकडे पळायचं, समोरच्याकडे नाही. हा नियम पहिल्याच दिवशी नीट सांगा, नाहीतर कपाळावर कपाळ आपटतं. मोजे काढून अनवाणी पळायचं, हेही त्याच वेळी.

या गाण्यात मोठा-लहान आवाज आहे, जड-हलकी पावलं आहेत, आणि नुसतं बघण्याचा एक क्षण आहे. मुलं एकमेकांकडे बघतात याला मी फार किंमत देते. पडद्यावरच्या गाण्यावर नाचताना सगळी मुलं एका दिशेला तोंड करून असतात. शेजारी भाऊ आहे की खुर्ची, त्यांना फरक पडत नाही. मग त्याला ‘एकत्र’ नाचणं कसं म्हणायचं? गोल केला की प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा दिसतो. माझा आग्रह असेल तर तो एवढाच, की गोल हवा.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात लॉरा सिरेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौदा महिन्यांच्या बाळांबरोबर केलेला एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळाला एकाने समोर तोंड करून पुढ्यात बांधून संगीताच्या तालावर झुलवायचं. समोर दुसरी बाई उभी. काही बाळांच्या बाबतीत ती त्याच तालात झुलत होती, काहींच्या बाबतीत वेगळ्या. नंतर तिच्या हातून वस्तू खाली पडल्या, तेव्हा तिच्याबरोबर तालात झुललेली बाळं त्या उचलून द्यायला जास्त पुढे आली. चौदा महिने म्हणजे जेमतेम चालायला लागलेली बाळं! आमच्याकडे नाच झाल्यावर रंगीत रुमाल गोळा करायचे असतात. गाणं चांगलं रंगलेलं असलं, की न सांगता मुलं रुमाल आणून देतात, दुसऱ्याच्या हातातून सुटलेलाही. ज्या दिवशी गाणं रंगत नाही, त्या दिवशी रुमालांवरून ओढाताण होते. मी आता रुमालांवरून ओळखते आज कसं झालं ते.

कुठल्या वयाला काय झेपतं याचा अंदाज हवा, नाहीतर गाणं चांगलं असूनही फसतं. वर्षाच्या आसपास टाळी येते. दोनच्या सुमारास दोन्ही पाय उचलून जागेवर उडी येते, आणि ती आली की मूल दिवसभर तेच करतं. एका पायावर लंगडी घालणं चारच्या आसपास. एकेका पायावर आलटून पालटून उडत पुढे जाणं पाच-सहाला. जोडीदाराच्या हातावर उजवी-डावी टाळी देणं त्याच्याही पुढे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: दोन-अडीच वर्षांचं मूल एका वेळी एकच करतं, नाचतं तरी किंवा गातं तरी. नाचताना त्याचं तोंड बंद असेल तर ‘म्हण ना’ असा धोशा लावू नका. आधी कृती येते, मग ओळीचा शेवटचा शब्द येतो, मग एके दिवशी अख्खं गाणं येतं. ‘मी मी मी’ किंवा ‘धूम्’सारखा एखादा शब्द ओळीच्या शेवटी ठेवला, की लहानांनाही गाण्यात शिरायला दार मिळतं.

गाण्यातल्या शब्दांचं म्हणाल, तर आपल्या भाषेत नाचाची निम्मी तयारी करून ठेवलेली आहे. दुडुदुडु, लुटुलुटु, तुरुतुरु, भिरभिर, गरगर, धपाधप, डुगडुग. यातला एकेक शब्द म्हणजे एकेक चाल. नुसते हे शब्द ठेक्यात म्हणत खोलीभर फिरलं, तरी पंधरा मिनिटं कशी गेली कळत नाही. मुलांना ‘पटकन चाला’ म्हणण्यापेक्षा ‘तुरुतुरु’ म्हणा. पावलं आपोआप बदलतात.

आता त्या मुलाबद्दल, जे गोलात येतच नाही. प्रत्येक गटात एक तरी असतं. आमच्याकडे एक मुलगा कितीतरी दिवस दाराला पाठ लावून उभा राहायचा. हात खिशात. ना पाय हलायचा, ना ओठ. त्याची आई अवघडून जायची, त्याला पुढे ढकलायची, मी तिला नको म्हणायची. एकदा तीच सांगत आली, की घरी त्याने अख्ख्या घराला गोलात उभं केलं, सगळी गाणी माझ्याच सुरात म्हटली आणि ‘पुतळा कोण’वर आजीला इतका वेळ उभं ठेवलं, की तिने ‘अरे, आता हलू का?’ विचारलं. तर म्हणाला, ‘अजून नाही. ताई पण थांबतात.’ तो दारात उभा राहून सगळं घेत होता. शब्द, चाल, कृती आणि थांबणंसुद्धा. बघणं हाही भाग घेण्याचाच प्रकार आहे, हे मी तेव्हापासून प्रत्येक पालकाला पहिल्या दिवशी सांगते. आणि बघणाऱ्या मुलाकडे गाताना अधूनमधून बघत राहते, म्हणजे गाणं त्याच्यापर्यंतही पोचतं.

अशा मुलांसाठीच तिसरं गाणं केलं. मोकळ्या जागेत मुलाचं नाव घालायचं.

कोण आलं, कोण आलं?
___ आलं, ___ आलं!
कसं कसं नाचलं?
अस्सं अस्सं नाचलं!

‘कसं कसं नाचलं’नंतर मी गाणं सोडून देते आणि ज्याचं नाव घेतलं त्याच्याकडे बघते. त्याने काहीही केलं तरी तोच नाच. एकाने नाक खाजवलं. आम्ही सगळ्यांनी ठेक्यात नाक खाजवलं. एकीने आईच्या मागे तोंड लपवलं. सगळ्यांनी हातांनी तोंड लपवलं. ती मागून डोकावून बघायला लागली, तर सगळे डोकावले! तिच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मला शब्दांत मांडता येणार नाही. आपण केलेली गोष्ट वीस माणसं तश्शीच करतात, हे त्या वयात केवढं मोठं! या गाण्यात ‘चुकलं’ असं काही होऊच शकत नाही. ऐकायला कमी येणाऱ्या मुलांनाही हे गाणं छान जमतं, कारण नाव हातवारे करून घेता येतं, ठेका जमिनीवर पाय आपटून पोचवता येतो आणि बाकी सगळं डोळ्यांनी घ्यायचं असतं. आवाजाने बावरणारं मूल असेल तर उलटं करा: पाय नाही, बोटं वाजवा, आणि सगळं गाणं कुजबुजत म्हणा. कुजबुजलेल्या गाण्याला मुलं जास्त जवळ येतात.

अगदी तान्ह्या बाळांचं काय, असं विचारतात. त्यांना उचलून घ्या आणि नाचा. जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर यांनी २००५ मध्ये सात महिन्यांच्या बाळांना एकच, कुठेही जोर नसलेला ठेका ऐकवला. काहींना दर दुसऱ्या ठोक्याला झुलवलं, काहींना दर तिसऱ्या. नंतर जोर दिलेले दोन प्रकार ऐकवले, तेव्हा बाळं ज्या गतीत झुलली होती तोच प्रकार त्यांनी जास्त वेळ ऐकला. म्हणजे दोन-दोनचा केरवा की तीन-तीनचा दादरा, हे बाळाच्या कानाने त्याच्या अंगाकडून शिकून घेतलं. मी त्यामुळे बाळांसाठी दोन्ही ठेवते. केरव्याच्या आठ मात्रांवर चालायचं, दादऱ्याच्या सहा मात्रांवर झुलायचं.

ढोलकी, खुळखुळे, घुंगरू यांबद्दल थोडक्यात: एका वेळी एकच वाद्य आणि ते मोठ्या माणसाच्या हातात. सगळ्यांच्या हातात खुळखुळे दिले की मुलं खुळखुळ्याशी खेळतात, एकमेकांशी नाही. गिरक्यांच्या गाण्यात मधे दिशा बदलायची. मोठा स्पीकर लहान खोलीत लावायचा नाही. आणि तेच गाणं पुन्हा म्हणायला सांगितलं तर पुन्हा म्हणायचं. मोठ्यांना नव्याची भूक असते, लहानांना ओळखीच्या गाण्याची. आठवड्याला एक नवं गाणं खूप झालं.

इतक्या उड्यांनंतर मुलांना एकदम ‘आता शांत बसा’ म्हणता येत नाही. चौथं गाणं त्यासाठी आहे, दादऱ्यात, आणि दर ओळीला थोडं संथ होत जाणारं.

हातांचा झाला ढग ढग ढग,
बोटांचा पाऊस टप टप टप,
जमिनीवर साचलं तळं तळं,
गप्प झालं सगळं सगळं.

पहिल्या ओळीला हात डोक्यावर, दुसरीला बोटं नाचवत खाली, तिसरीला तळवे जमिनीवर फिरवत बसायचं, चौथीला आडवं व्हायचं. पहिल्या खेपेला कुणी आडवं होत नाही. दुसऱ्या खेपेला निम्मी होतात. गाणाऱ्याने स्वतः जमिनीवर बसल्याशिवाय हे गाणं चालत नाही. उभं राहून ‘गप्प झालं’ म्हटलं तर ती आज्ञा होते. याच्यानंतर लगेच बोलू नका. कुणीतरी मूलच पहिलं बोलेल, त्याला बोलू द्या.

ही गाणी माझ्या चालींवर म्हणायची गरज नाही. शब्द बदला, प्राणी बदला, तुमच्या मुलांना जे करायला आवडतं ते घाला. फक्त टिंबं दिली आहेत तिथल्या जागा भरून टाकू नका.

आमच्या मुलांनी मुंगी-हत्तीच्या गाण्यात आता स्वतःचं कडवं घातलं आहे. ‘गोगलगाय निघाली… … …’ एवढीच ओळ. त्यातला ‘ली’ गोगलगाय खोलीच्या मध्यावर पोचेपर्यंत ओढायचा आणि तोवर हत्तीने एक पाय वर धरून वाट बघायची, असं त्यांनीच ठरवलं. हत्तीने पाय किती वेळ धरायचा यावरून वाद चालू आहे. पाच-सहा वर्षांची मुलं म्हणतात, दहा मोजून. तीन वर्षांच्यांना दहापर्यंत मोजता येत नाही, म्हणून ती तीन मोजून ‘धूम्’ म्हणतात आणि पळतात. सध्या आम्ही आधी तीनचं म्हणतो, मग दहाचं.